आवाज येतोय ना?



दूरच्या माणसाशी फोनवर बोलताना आपण सगळेच मधूनमधून एक प्रश्न विचारतो, "आवाज येतोय ना?" इतका साधा प्रश्न, की तो विचारल्याचे आपल्या लक्षातही राहत नाही. एकदा मी तो विचारायला विसरलो. त्या विसरण्याने एका मुलीचे किती दिवसांचे कष्ट वाया जाणार होते, ते आज तुम्हांला सांगतो. यात माझी फजिती आहे आणि माझी एक चूकही आहे. शिक्षकाने आपली चूक विद्यार्थ्यांना सांगू नये, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही.

माझे घर पोशीरला आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, नेरळहून कळंबकडे जाताना हे गाव लागते. गावाच्याच नावाची नदी इथून वाहते आणि पुढे उल्हास नदीला मिळते. मी एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आमच्या शाळेतील काही मुलांचे वडील कुवेत, कतार, सौदी अरेबिया अशा देशांत नोकरी करतात. दोन-दोन वर्षे ते घरी येऊ शकत नाहीत. मुलांची बक्षिसे, भाषणे, नाटके ते पाहतात ती फोटोत आणि तीही दुसऱ्या दिवशी.

२७ फेब्रुवारी हा कवी कुसुमाग्रज यांचा जन्मदिवस. तो आपण 'मराठी भाषा गौरव दिन' म्हणून साजरा करतो. २०२३ साली हा दिवस सोमवारी येत होता. आम्ही आमचा वक्तृत्वाचा कार्यक्रम दोन दिवस आधी, शनिवारी २५ फेब्रुवारीला घ्यायचे ठरवले. त्यालाही कारण होते. २५ फेब्रुवारी हा कुवेतचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी तिथे सुट्टी असते. मनात आले, की या वर्षी कार्यक्रम थेट दाखवावा. इथे मूल बोलेल आणि तिकडे त्याचे वडील त्याच वेळी पाहतील. आपली घड्याळे कुवेतच्या अडीच तास पुढे असतात. आपले अकरा वाजले, की तिथे साडेआठ. वेळही सोयीची होती.

भाषणाचा विषय होता 'आमची नदी'. म्हणून कार्यक्रम पोशीर नदीच्या काठी, झाडांच्या सावलीत घ्यायचे ठरले. जागा सुंदर होती. पण तिथे वीज नव्हती.

थेट प्रक्षेपण म्हणजे पूर्वी केवढा मोठा खटाटोप असे! मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या आणि देशातल्या लोकांनी त्या दूरदर्शनवर रंगीत पाहिल्या. अशा प्रसंगी मैदानाबाहेर यंत्रांनी भरलेली मोठी गाडी उभी असे. अनेक कॅमेऱ्यांच्या तारा तिच्यात येत. आत तंत्रज्ञ बसलेले असत. आता त्या गाडीचे बरेचसे काम पाठीवरच्या पिशवीत मावते. माझ्या पिशवीत काय होते? एक लॅपटॉप, लग्नाचे शूटिंग करणाऱ्या मित्राकडून मागून आणलेला व्हिडिओ कॅमेरा, त्याची तिवई, दोन तारा आणि काडेपेटीएवढी एक डबी.

या डबीला कॅप्चर कार्ड म्हणतात. कॅमेऱ्यातून निघालेले चित्र आणि आवाज लॅपटॉपला सरळ घेता येत नाहीत. डबीच्या एका तोंडाला कॅमेऱ्याची तार जोडायची आणि दुसरे तोंड लॅपटॉपला लावायचे. मग कॅमेऱ्यात दिसणारे दृश्य लॅपटॉपच्या पडद्यावर येते. लॅपटॉपमध्ये ओबीएस नावाचा एक प्रोग्रॅम असतो. तो कुणालाही फुकट मिळतो. तो हे चित्र आणि आवाज एकत्र करून इंटरनेटवर पाठवतो. तुम्ही म्हणाल, मोबाइलनेच दाखवले असते तर? दाखवता येते. पण मोबाइल लांब ठेवला, तर बोलणाऱ्याचा चेहरा बोराएवढा दिसतो आणि शब्दांपेक्षा वाराच जास्त ऐकू येतो. कॅमेऱ्याने दुरूनही चेहरा जवळ आणता येतो आणि भाषणाच्या माइकची तार त्याला जोडता येते.

आता खरी अडचण ऐका. ती समजण्यासाठी आपण नेरळ स्टेशनवर जाऊ.

नेरळला दोन रेल्वे भेटतात. एक मुंबईहून कर्जत-पुण्याकडे जाणारी मोठी रेल्वे. तिच्या दोन रुळांमधले अंतर ५ फूट ६ इंच. दुसरी माथेरानची छोटी गाडी. तिच्या रुळांमधले अंतर फक्त २ फूट. मुंबईच्या पीरभॉय कुटुंबातील अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग बांधला आणि १९०७ साली त्यावर गाडी धावू लागली. सुमारे २१ किलोमीटरचा हा मार्ग डोंगराला वळसे घालत वर चढतो. मोठ्या गाडीचा डबा या रुळांवर चालेल का? मुळीच नाही. नेरळला उतरायचे, सामान उतरवायचे आणि छोट्या डब्यांत मावेल एवढेच घेऊन वर जायचे.

थेट प्रक्षेपणातही असेच घडते. चांगल्या कॅमेऱ्याचे एक चित्र १९२० आडव्या आणि १०८० उभ्या ठिपक्यांचे असते. गुणाकार करून पाहा. एका चित्रात २०,७३,६०० ठिपके होतात. आणि एका सेकंदात अशी २५ चित्रे! कॅमेऱ्यापासून लॅपटॉपपर्यंतची तार म्हणजे मोठी रेल्वे. ती हा सगळा भार वाहते. पण नदीकाठावरचे मोबाइलचे नेटवर्क म्हणजे माथेरानची छोटी गाडी. म्हणून लॅपटॉप सामान आवरतो. मागचा डोंगर हलत नाही, तर तो प्रत्येक चित्रात नव्याने कशाला पाठवायचा? बोलणाऱ्याचे ओठ हलले, हात हलला, तेवढाच बदल तो पुढे पाठवतो. तरीही रूळ अपुरे पडले, तर आपण चित्रच लहान करायचे. ६४० बाय ३६० ठिपक्यांचे चित्र घेतले, तर भार एक नवमांश होतो. चित्र थोडे धूसर दिसते. पण अडकत नाही.

हे सगळे मी पंधरा दिवस खपून शिकलो. लॅपटॉपची बॅटरी किती वेळ पुरते, ते घड्याळ लावून पाहिले. नदीवर जाऊन नेटवर्क कुठे मिळते, ते शोधले. एका जागी बांबू रोवून त्याच्या टोकाला माझा मोबाइल बांधला, तर लॅपटॉपला इंटरनेट बरे मिळू लागले. मला स्वतःचा अभिमान वाटू लागला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढची चूक त्या अभिमानातूनच झाली.

माझ्यापेक्षा जास्त मेहनत मात्र एक मुलगी करत होती. ती नववीत शिकत होती. तिचे वडील कुवेतमध्ये ड्रायव्हर होते. भाषण तिने स्वतः लिहिले होते. अडचण होती ती 'ळ' या अक्षराची. तुम्हांला ठाऊक आहे, की उर्दूत 'ळ' हा ध्वनी नाही. ती 'काळ' म्हणायला जाई आणि 'काल' म्हणे. 'डोळे' म्हणायला जाई आणि 'डोले' म्हणे. मी सांगितले, "जिभेचे टोक मागे वळव, टाळूला लाव आणि सोड." त्या दिवसापासून ती मधल्या सुट्टीत एकटी बसून म्हणत राही, "पावसाळा, उन्हाळा, आभाळ, डोळे." मैत्रिणी हसत. ती थांबत नसे. शेवटच्या आठवड्यात तिचा 'ळ' असा स्वच्छ उमटू लागला, की मी वर्गात टाळ्या वाजवल्या.

शनिवार उजाडला. सकाळी घरी मी सगळे जोडून पाहिले. लॅपटॉपमधून मोठ्याने 'कुई' असा कर्कश आवाज आला. असे का होते? माइकचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो, परत बाहेर पडतो आणि वाढतच जातो. घरातले लोक कानांवर हात ठेवू लागले. घाईघाईने मी प्रोग्रॅममधला आवाज बंद केला. वाटले, नदीवर गेल्यावर सुरू करू.

नदीवर गेल्यावर शंभर कामे निघाली. अकरा वाजता कार्यक्रम सुरू झाला. ऊन चढले होते. उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसेना, म्हणून आठवीतला एक मुलगा त्यावर छत्री धरून उभा होता. चित्र सुरेख येत होते. मुलीचा चेहरा, मागे नदी, तिच्या पलीकडे झाडी. ती बोलू लागली, तेव्हा छत्री धरणारा मुलगा हळूच म्हणाला, "सर, ती हिरवी पट्टी हलत नाही."

प्रोग्रॅममध्ये आवाजाची एक पट्टी असते. आवाज आत आला, की ती हिरवी होऊन मागेपुढे नाचते. मी तिच्याकडे पाहिलेच नाही. "पट्टीचे राहू दे," मी म्हणालो. "छत्री नीट धर."

तो गप्प बसला.

कार्यक्रम संपला. त्या मुलीच्या आईच्या मोबाइलवर कुवेतहून फोन आला. वडील म्हणाले, "शाबाश बेटा! फार छान बोललीस." मुलीचा चेहरा फुलला. मीही खूश होऊन बांबूवरचा माझा मोबाइल उतरवला आणि पडदा पाहिला. त्यावर एकामागून एक निरोप आले होते. "सर, आवाज नाही." "आवाज बंद आहे." "फक्त चित्र दिसते." पहिला निरोप अकरा वाजून चार मिनिटांनी आला होता. मोबाइल बांबूच्या टोकाला होता आणि निरोप त्याच्यात अडकून पडले होते.

म्हणजे वडिलांनी मुलीचा एकही शब्द ऐकला नव्हता.

इतक्यात मुख्याध्यापक आले. "सर, आवाज गेला नाही म्हणतात. काय झाले?"

मी म्हणालो, "नेटवर्कने दगा दिला, सर."

छत्री मिटत असलेल्या त्या मुलाने माझ्याकडे पाहिले. मग त्याने मान खाली घातली. मित्रांनो, त्याने काही म्हटले असते, तर मला एवढे लागले नसते.

रात्री लॅपटॉपमध्ये साठलेले ते चित्रण मी पाहिले. त्यातही आवाज नव्हता. कॅमेऱ्यात कार्ड घालून ठेवले असते, तर निदान एक प्रत आवाजासह राहिली असती. तेही मी केले नव्हते. मुलीचे ओठ हलत होते. कुठे जीभ मागे वळते, ते मला दिसत होते. इथे ती 'पावसाळा' म्हणाली असेल, इथे 'डोळे'. पण दिसणे आणि ऐकू येणे यांत केवढे अंतर आहे! दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला. तो मूकपट होता. चित्रपटाला बोलायला पुढे अठरा वर्षे लागली. 'आलम आरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत झळकला. आणि मी २०२३ साली एवढी यंत्रे जमवून पुन्हा मूकपटच काढला होता!

मला रेडिओही आठवला. बाळ ज. पंडित रेडिओवर मराठीतून क्रिकेटचे वर्णन करत. ऐकणाऱ्यांना मैदान दिसत नसे, चेंडू दिसत नसे. तरी सारा खेळ त्यांच्यापर्यंत पोहोचत असे. चित्राशिवाय नुसता आवाज पुरला. आवाजाशिवाय माझे नुसते चित्र मात्र पुरले नाही.

झोप येईना. त्या दिवशी दोन माणसे खोटे बोलली होती. एक, मुलीचे वडील. त्यांनी काहीच ऐकले नव्हते, तरी "छान बोललीस" म्हणाले. दुसरा मी. वडील मुलीला वाईट वाटू नये म्हणून तसे बोलले. मी मात्र स्वतःला वाचवण्यासाठी बोललो. आणि माझ्या खोट्यामुळे, ज्या मुलाने खरे तेच मला वेळेवर सांगितले होते, त्याला गप्प राहावे लागले.

रविवारी संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिची आई आणि दादी ओटीवर बसल्या होत्या. मी सगळे सांगितले. आवाज मीच बंद केला होता आणि सुरू करायला मीच विसरलो, असे स्पष्ट सांगितले. मुलगी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे अब्बांनी काहीच ऐकले नाही?"

"नाही, बेटा."

"मग ते छान बोललीस असे का म्हणाले?"

मला उत्तर सुचले नाही. दादी म्हणाली, "तुला बरे वाटावे म्हणून, आणखी काय?"

मुलगी उठून आत गेली. मला वाटले, रडायला गेली. ती भाषणाचा कागद घेऊन आली. "सर, उद्या परत बोलू का?"

सोमवारी, म्हणजे खऱ्या गौरव दिनाच्या दिवशी, परिपाठाला मी सर्वांसमोर उभा राहिलो. "शनिवारी नेटवर्क चांगले होते. चूक माझी होती. आठवीतल्या आपल्या एका विद्यार्थ्याने ती मला वेळेवर दाखवली होती आणि मी त्याला गप्प केले. मी त्याची माफी मागतो." मैदानात शांतता पसरली. त्या मुलाचे कान लाल झाले. मुख्याध्यापक काही रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "आज कोण लक्ष ठेवणार?"

"तोच," मी म्हणालो.

मी हेडफोन त्या मुलाच्या कानांवर ठेवले. एका पुठ्ठ्यावर आम्ही पाच ओळी लिहिल्या होत्या : बॅटरी भरली का? कॅमेऱ्यात कार्ड आहे का? नेटवर्क आहे का? हिरवी पट्टी हलते का? पलीकडच्या माणसाला ऐकू येते का? शेवटची ओळ त्या मुलाने घातली होती. ती सर्वांत महत्त्वाची होती, कारण आपल्या बाजूला सगळे ठीक दिसले, तरी पलीकडे काय पोहोचते, ते पलीकडचाच माणूस सांगू शकतो. असे प्रक्षेपण पोहोचायला काही सेकंद उशीरही लागतो. म्हणून आम्ही एका बाईंच्या मोबाइलवरून मुलीच्या आईला घरी फोन केला. मी माइकसमोर "एक, दोन, तीन" म्हटले. थोड्या वेळाने आई म्हणाली, "सर, ऐकू आले." आठवीतल्या मुलाने अंगठा वर केला. चित्र मी मुद्दाम लहान ठेवले होते. धूसर दिसले तर दिसू दे. पण शब्द तुटायला नको.

साडेदहा वाजले होते. कुवेतमध्ये आठ. वडिलांची पाळी साडेआठला सुरू व्हायची होती. गाडी उभी करून ते तिच्यातच बसून पाहत होते.

मुलगी बोलू लागली. भाषणाच्या शेवटी ती म्हणाली, की उन्हाळ्यात आमच्या नदीचे पाणी कमी होते आणि पात्रातले दगड दिसू लागतात. तरी दादी म्हणते, नदी कुठे जात नाही, पावसाळा आला की ती परत येते. माझे अब्बाही असेच आहेत. ते दूर असतात, तेव्हा मी दिवस मोजते. पावसाळा येतो, तसे तेही येतात.

शनिवारी नदीकाठी हेच शब्द मी ऐकले होते. ते ज्यांच्यासाठी लिहिले होते, ते मात्र तेव्हा नुसते हलणारे ओठ पाहत होते.

भाषण संपल्यावर बाईंनी कुवेतला फोन लावून मोबाइल मुलीच्या हातात दिला. पलीकडून काहीच आवाज येईना. ती घाबरली. तिने माझ्याकडे पाहिले, मग छत्रीवाल्या मुलाकडे पाहिले. "अब्बा, आवाज आला ना?" ती म्हणाली. "अब्बा?"

थोड्या वेळाने उत्तर आले. "आला, बेटा. सगळा आला."

मित्रांनो, त्यानंतर आम्ही आणखी कार्यक्रम थेट दाखवले. यंत्रे तीच आहेत. पुठ्ठाही तोच आहे. आता त्याचे कोपरे झिजले आहेत. तुमच्यापैकी काही जण उद्या हेच काम माझ्यापेक्षा उत्तम कराल. यंत्रे हाताळायला तुम्ही लवकर शिकता. माझे सांगणे एवढेच आहे. आपले काम दूरच्या माणसापर्यंत पोहोचवायचे असेल, तर आधी त्याला विचारा, "आवाज येतोय ना?" आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा. शेजारी छत्री धरून उभा असलेला लहान मुलगा काही सांगत असेल, तर त्याचेही ऐका.